इम्पोर्ट केलं एक, आलं भलतंच: पायथॉनमधली नावांची टक्कर ओळखायची आणि सोडवायची कशी

पायथॉन शिकायला सुरुवात करून आठवडा-दोन आठवडे झाले की एक प्रसंग जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो. फासा टाकण्याचा छोटासा प्रोग्रॅम लिहायचा असतो. ओळी दोनच:

इम्पोर्ट रँडम
प्रिंट(रँडम.रँडइंट(१, ६))

फाइल सेव्ह करताना नाव विचारलं जातं. रँडम शिकतोय, म्हणून नाव देतो रँडम.पाय. रन करतो, आणि १ ते ६ मधला आकडा येण्याऐवजी लाल अक्षरांत एरर येते की रँडम मॉड्यूलमध्ये रँडइंट नावाचं काही नाही. पुस्तकात तर आहे! कोड अक्षरन् अक्षर पडताळून पाहतो, बरोबर असतो. मग पायथॉन काढून पुन्हा इन्स्टॉल करतो. एरर जागची हलत नाही.

हा लेख त्या क्षणी तुमच्यासमोर उघडा असावा म्हणून लिहितोय. एक गोष्ट आधी सांगतो: कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती नेहमीसारखी रोमन अक्षरांत आणि आकडे इंग्रजी अंकांत टाइप करायचे. ‘.पाय’ म्हणजे पायथॉन फाइलचं शेपूट, हे ओघाने आलंच.

पायरी १: काहीही इन्स्टॉल करू नका, एरर शेवटपासून वाचा

अशी एरर आली की पहिला हात पिपकडे, म्हणजे लायब्रऱ्या इन्स्टॉल करणाऱ्या साधनाकडे, जातो. तो आवरा. नावांच्या टकरीत लायब्ररी बहुतेक वेळा ठणठणीत असते. पायथॉन तिच्यापर्यंत पोहोचतच नाही, वाटेत त्याच नावाचं दुसरं काहीतरी सापडतं आणि तो तिथेच थांबतो. पुन्हा इन्स्टॉल केल्याने वाटेतला अडथळा हटत नाही.

एररची शेवटची ओळ आधी वाचा. ही टक्कर साधारण तीन रूपांत दिसते.

पहिलं रूप ॲट्रिब्यूट एररचं: मॉड्यूल सापडलं, पण त्यात हवं ते फंक्शन नाही. पायथॉन ३.८ ते ३.१२ मध्ये या ओळीत ‘पार्शली इनिशियलाइझ्ड मॉड्यूल’ हे शब्द येतात आणि शेवटी कंसात ‘सर्क्युलर इम्पोर्ट’चा संशय व्यक्त केलेला असतो. नवख्या माणसाला हे शब्द घाबरवतात. मॉड्यूल अर्धवट लोड झालेलं असताना त्याच्याकडे काहीतरी मागितलं गेलं, एवढाच त्यांचा अर्थ.

दुसरं रूप इम्पोर्ट एररचं: ‘कॅनॉट इम्पोर्ट नेम’. फ्लास्क ही वेबसाइट बनवायची लायब्ररी शिकताना पहिल्या फाइलला फ्लास्क.पाय नाव दिलं आणि आत ‘फ्रॉम फ्लास्क इम्पोर्ट फ्लास्क’ लिहिलं की ही एरर हमखास येते. फ्लास्कच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेतही फाइलला हे नाव देऊ नका असं बजावलेलं आहे.

तिसरं रूप जरा फसवं आहे: ‘नो मॉड्यूल नेम्ड ईमेल.माइम, ईमेल इज नॉट अ पॅकेज’. नवशिक्यांची नजर ‘नो मॉड्यूल’वर अडकते आणि त्यांना वाटतं, इन्स्टॉल करायचं राहिलं. नेमकी माहिती पुढच्या तुकड्यात असते. ‘इज नॉट अ पॅकेज’ म्हणजे ईमेल नावाचं काहीतरी सापडलं आहे, पण ते फोल्डरसारखं पॅकेज नसून एकटी फाइल आहे. ती एकटी फाइल बहुधा तुमची असते.

शेवटची ओळ वाचून झाली की वर सरका आणि ट्रेसबॅकमध्ये, म्हणजे एररच्या वर छापलेल्या ओळींच्या माळेत, आलेल्या फाइलींचे पत्ते बघा. आपल्या फाशाच्या उदाहरणात एकाच रँडम.पायचा पत्ता लागोपाठ दोनदा आलेला दिसेल, एकदा ओळ १ आणि एकदा ओळ २. हे असं का, ते समजलं की अर्धा विषय हातात आला. तुम्ही फाइल रन केली तेव्हा पायथॉनने तिला ‘मेन’ या नावाने चालवायला घेतलं. पहिल्याच ओळीत ‘इम्पोर्ट रँडम’ दिसलं. त्याने रँडम शोधायला सुरुवात केली आणि सगळ्यात आधी सापडली तुमचीच फाइल. मग तो तीच फाइल दुसऱ्यांदा, या वेळी रँडम मॉड्यूल म्हणून, वरपासून चालवू लागला. तिच्यातही पहिली ओळ ‘इम्पोर्ट रँडम’, पण आता रँडम नावाची नोंद झालेली आहे म्हणून तो पुढे सरकला. दुसऱ्या ओळीत रँडइंट मागितलं, आणि त्या अर्धवट लोड झालेल्या तुमच्या फाइलमध्ये रँडइंट कुठून असणार?

पायथॉन ३.१३ किंवा त्यापुढची आवृत्ती तुमच्याकडे असेल तर काम आणखी सोपं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून एररमध्येच सांगितलं जातं की तुमच्या अमुक पत्त्यावरच्या फाइलचं नाव स्टँडर्ड लायब्ररीतल्या, म्हणजे पायथॉनबरोबरच येणाऱ्या, मॉड्यूलसारखंच आहे, ते बदलून बघा. फाइलचा पूर्ण पत्ताही दिलेला असतो. शिकणाऱ्यांचे किती तास या एका ओळीने वाचले असतील! जुनी आवृत्ती वापरत असाल तर नवी घ्यायला हे एक कारण पुरेसं आहे.

पायरी २: पायथॉनला विचारा, ‘हे कुठून आणलंस?’

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती ही. अंदाज बांधू नका, पत्ता विचारा.

मॉड्यूल लोड होत असेल, फक्त चुकीचं वागत असेल, तर इम्पोर्टच्या खाली एक ओळ टाका:

प्रिंट(रँडम.__फाइल__)

‘फाइल’ शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर आहेत. छापून आलेला पत्ता पायथॉनच्या इन्स्टॉलेशनमधला असेल तर मॉड्यूल खरं. तुमच्या कामाच्या फोल्डरमधला असेल तर चोर सापडला.

पण फाशाच्या उदाहरणात इम्पोर्ट होता होताच प्रोग्रॅम कोसळतो, त्यामुळे ही ओळ उपयोगी पडत नाही. तेव्हा त्याच फोल्डरमध्ये तपास.पाय नावाची नवी फाइल करा आणि तिच्यात एवढंच लिहा:

फ्रॉम इम्पोर्टलिब.यूटिल इम्पोर्ट फाइंड_स्पेक
प्रिंट(फाइंड_स्पेक('रँडम'))

फाइंड_स्पेक मॉड्यूल चालवत नाही, ते कुठे सापडेल एवढंच शोधून देतं. म्हणून बिघडलेल्या फाइललाही हात न लावता तिचा पत्ता कळतो. उत्तरात ‘ओरिजिन’ या शब्दापुढे जे लिहिलेलं असेल ते वाचा. तिथे तुमच्या फाइलचा पत्ता असेल तर टक्कर सिद्ध झाली. ‘बिल्ट-इन’ असेल तर ते मॉड्यूल पायथॉनच्या पोटातच आहे. आणि उत्तर नुसतं ‘नन’ आलं तर या नावाचं काहीच सापडलेलं नाही, म्हणजे दुखणं वेगळं आहे: लायब्ररी इन्स्टॉल झालेली नाही किंवा दुसऱ्याच पायथॉनमध्ये झाली आहे. तसं असेल तर ‘पिप इन्स्टॉल’ऐवजी ‘पायथॉन -एम पिप इन्स्टॉल’ असं लिहून बघा. ज्या पायथॉनने प्रोग्रॅम चालवता त्याच पायथॉनच्या पिपला काम दिलं जातं, आणि बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

आणखी एक झटपट चाचणी आहे, पायथॉन ३.११ आणि पुढच्यांसाठी. प्रोग्रॅम ‘पायथॉन -पी फासा.पाय’ असा, कॅपिटल पी वापरून चालवा. हा पर्याय दिला की पायथॉन तुमच्या फोल्डरला शोधयादीत पहिलं स्थान देत नाही. -पी लावल्यावर एरर नाहीशी झाली तर अडथळा तुमच्या फोल्डरमध्येच आहे. फक्त हा कायमचा उपाय समजू नका, कारण मग तुमच्या इतर फाइलीही इम्पोर्ट होईनाशा होतात.

पायरी ३: शोधाचा क्रम समजून घ्या

इथे थोडं थांबू, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

‘इम्पोर्ट अमुक’ दिसलं की पायथॉन आधी सिस.मॉड्यूल्स नावाची नोंदवही बघतो. चालू प्रोग्रॅममध्ये आधीच लोड झालेली सगळी मॉड्यूल्स त्यात असतात. नाव तिथे मिळालं की शोध संपला, डिस्ककडे तो बघतही नाही. नोंद नसेल तर पायथॉनच्या पोटात बांधलेली मॉड्यूल्स बघितली जातात. तिथेही नसेल तर सिस.पाथ ही फोल्डरांची यादी वरून खाली चाळली जाते. यादीत सगळ्यात वर असतं तुम्ही रन केलेल्या फाइलचं फोल्डर. त्याखाली पायथॉनपाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये काही दिलं असेल तर ते, मग स्टँडर्ड लायब्ररी, आणि शेवटी साइट-पॅकेजेस, म्हणजे पिपने आणलेल्या लायब्रऱ्या जिथे बसतात ती जागा. ज्या फोल्डरमध्ये नाव पहिल्यांदा सापडेल तिथे शोध थांबतो. पुढे आणखी चांगलं, खरं, मोठं काही आहे का, हे बघितलं जात नाही.

या क्रमातून बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. तुमचं फोल्डर सगळ्यात वर असल्यामुळे तुमची एक फाइल स्टँडर्ड लायब्ररीलाही झाकते आणि पिपच्या लायब्ररीलाही. नमपाय.पाय, पांडाज.पाय, रिक्वेस्ट्स.पाय ही नावं त्यामुळेच घातक. उलट पिपने आणलेलं पॅकेज सहसा स्टँडर्ड लायब्ररीला झाकू शकत नाही, कारण ते रांगेत मागे उभं असतं.

टाइम.पाय नावाच्या फाइलचं गणित वेगळं आहे. टाइम मॉड्यूल पायथॉनच्या पोटातच असतं, म्हणून त्याच्या आधी तुमच्या फाइलचा नंबर लागतच नाही. तुम्ही टाइम.पायमध्ये स्वतःचं फंक्शन लिहिलं आणि दुसऱ्या फाइलमधून ते मागितलं, तर एरर येते की टाइममध्ये असं काही नाही. इथे तुमची फाइल झाकली गेली आहे, लायब्ररी नाही. ओएस.पायचंही तसंच: पायथॉन सुरू होतानाच ओएस लोड करून ठेवतो, त्यामुळे नोंदवहीत नाव आधीच असतं. टक्कर दोन्ही दिशांनी होऊ शकते, हे लक्षात असलं की अशा वेळी गोंधळायला होत नाही.

कामाच्या फोल्डरला पहिला मान का दिला असेल, असा प्रश्न पडेल. माझ्या मते तो निर्णय नवशिक्याच्या सोयीचाच आहे. दोन फाइली शेजारी ठेवल्या की एकीतून दुसरी इम्पोर्ट होते, काही जुळवाजुळव करावी लागत नाही. त्या सोयीची किंमत म्हणून नावं जपून ठेवावी लागतात.

पायरी ४: नाव बदला, आणि मग पायथॉन नव्याने सुरू करा

उपाय साधा आहे. फाइलला ती करते त्या कामाचं नाव द्या. रँडम.पायऐवजी फासा_टाक.पाय. ईमेल.पायऐवजी पत्र_पाठव.पाय. मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहून फाइलीला नाव दिलं तर स्टँडर्ड लायब्ररीशी टक्कर व्हायची शक्यता फारच कमी, हा आपल्या भाषेचा एक छोटा फायदा मी आवर्जून वापरतो. नाव लहान अक्षरांत ठेवा, शब्दांमध्ये अंडरस्कोर द्या, स्पेस आणि आडवी रेघ टाळा. नावात स्पेस किंवा आडवी रेघ असली तर ती फाइल साध्या इम्पोर्टने आणता येत नाही.

इतर फाइलींत जुन्या नावाने इम्पोर्ट केलं असेल तर तेही बदला. मात्र सगळीकडे सरसकट ‘शोधा आणि बदला’ चालवू नका, नाहीतर खऱ्या रँडमच्या इम्पोर्टचंही नाव बदलून बसेल.

यानंतरची गोष्ट बरेच जण विसरतात. ज्युपिटर नोटबुकमध्ये किंवा उघड्या असलेल्या पायथॉन शेलमध्ये काम करत असाल, तर फाइलचं नाव बदलूनही एरर तशीच येत राहू शकते. कारण वर सांगितलेली नोंदवही. जुनी, चुकीची रँडम तिथे बसलेली असते आणि पायथॉन तीच काढून देतो. ज्युपिटरमध्ये कर्नल, म्हणजे मागे चालू असलेला पायथॉन, रीस्टार्ट करा, शेल बंद करून पुन्हा उघडा.

__पायकॅश__ हे फोल्डर पुसून टाका, असा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल. पुसल्याने नुकसान काही नाही, पण पायथॉन ३ मध्ये त्याची गरजही नसते: मूळ .पाय फाइल नसेल तर त्या फोल्डरमधली जुनी कंपाइल केलेली प्रत वापरलीच जात नाही. हा सल्ला पायथॉन २ च्या काळातला आहे. तेव्हा कंपाइल केलेली .पायसी फाइल मूळ फाइलच्या शेजारीच पडून असायची आणि मूळ फाइल गेल्यावरही लोड व्हायची. आजही अशी सुटी .पायसी फाइल तुमच्या फोल्डरमध्ये थेट दिसली तर ती मात्र जरूर काढा.

पायरी ५: तुम्ही इम्पोर्टच न केलेलं मॉड्यूल तक्रार करत असेल तर

हा प्रकार सगळ्यात जास्त वेळ खातो. मी एकदा ईमेलचे पत्ते तपासण्यासाठी छोटी फाइल लिहून तिला ईमेल.पाय नाव दिलं. ती फाइल नीट चालत होती. दोन दिवसांनी त्याच फोल्डरमध्ये वेबवरून माहिती आणणारा वेगळाच प्रोग्रॅम लिहिला, त्यात यूआरएललिब.रिक्वेस्ट वापरलं, आणि एरर आली ईमेलबद्दल. माझ्या प्रोग्रॅममध्ये ईमेल हा शब्दच नव्हता.

झालं होतं असं: यूआरएललिब.रिक्वेस्टला आतून ईमेल मॉड्यूल लागतं. ते ज्या ओळीने मागवतं ती ओळ स्टँडर्ड लायब्ररीत असली तरी शोधाचा क्रम सगळ्यांना एकच. पहिल्या स्थानावर माझं फोल्डर, तिथे माझी ईमेल.पाय. म्हणजे तुमच्या एका फाइलचा त्रास तुमच्याच कोडपुरता राहत नाही. त्या फोल्डरमधून चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला आणि त्याने बोलावलेल्या प्रत्येक लायब्ररीला तो होतो.

क्यू.पाय ठेवली की रिक्वेस्ट्ससारखी लायब्ररी अडखळते. कॅलेंडर.पाय ठेवली की एचटीटीपीच्या कुकी हाताळणारं मॉड्यूल अडखळतं. टोकन.पाय तर थेट टोकनाइझ या मॉड्यूलला गाठते. कोड.पाय हे नाव किती निरुपद्रवी वाटतं! पण पायथॉनचा डीबगर (कोडमधल्या चुका शोधायचं साधन) पीडीबी आतून कोड नावाचं मॉड्यूल वापरतो, म्हणून डीबग करायला जावं तर डीबगरच उघडत नाही. सीक्रेट्स.पाय या नावाने पासवर्ड किंवा किल्ल्या साठवायची अनेकांना सवय असते. सीक्रेट्स हेही स्टँडर्ड लायब्ररीतलं मॉड्यूल आहे आणि नमपायच्या रँडम भागाला ते लागतं.

अशा वेळी ट्रेसबॅक खालून वर वाचत जा आणि पहिली अशी फाइल शोधा जी तुमच्या फोल्डरमध्ये आहे पण तुम्ही आत्ता चालवलेली नाही. अशी फाइल दिसली तर बहुतेक वेळा गुन्हेगार तीच. नाही दिसली तर एररमध्ये आलेलं मॉड्यूलचं नाव पायरी २ मधल्या फाइंड_स्पेकला विचारा.

पायरी ६: तुमची फाइल निर्दोष निघाली, तर दोन पॅकेजेस भांडतायत का बघा

पिपला सांगायचं नाव आणि इम्पोर्ट करायचं नाव एकच असलं पाहिजे असा नियम नाही. ओपनसीव्ही-पायथॉन इन्स्टॉल करायचं आणि सीव्ही२ इम्पोर्ट करायचं. सायकिट-लर्न आणायचं, एसकेलर्न इम्पोर्ट करायचं. पायवायएएमएलचं यामल होतं, ब्यूटिफुलसूप४ चं बीएस४. पिलोची गोष्ट सांगण्यासारखी आहे: पीआयएल ही चित्रांवर काम करणारी जुनी लायब्ररी २००९ नंतर पुढे सरकली नाही, तेव्हा तिचीच फांदी म्हणून पिलो सुरू झाली. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून इम्पोर्टचं नाव पीआयएलच ठेवलं. त्यामुळे पीआयएल आणि पिलो एकाच पायथॉनमध्ये एकत्र नांदू शकत नाहीत.

या मोकळेपणामुळे दोन वेगळी पॅकेजेस एकाच इम्पोर्ट-नावावर हक्क सांगू शकतात. वर्ड फाइलींसाठी पायथॉन-डॉक्स हवं असतं, पण इम्पोर्टचं नाव डॉक्स असल्यामुळे लोक ‘पिप इन्स्टॉल डॉक्स’ लिहितात आणि भलतंच, जुनं पॅकेज येतं. टोकनसाठी पायजेडब्ल्यूटी हवं असताना जेडब्ल्यूटी येतं. सिरीयल पोर्टसाठी पायसिरीयलऐवजी सिरीयल येतं. पायमॉन्गो स्वतःचं बीसॉन घेऊन येतं, वरून बीसॉन नावाचं वेगळं पॅकेज घातलं की बिघडतं. ओपनसीव्हीच्या साध्या आणि हेडलेस आवृत्त्या दोन्ही सीव्ही२ मध्येच बसतात, म्हणून त्यातली एकच ठेवायची.

कोणत्या नावामागे कोणकोण आहे, हे पायथॉन ३.१० पासून विचारता येतं:

फ्रॉम इम्पोर्टलिब.मेटाडेटा इम्पोर्ट पॅकेजेस_डिस्ट्रिब्यूशन्स
प्रिंट(पॅकेजेस_डिस्ट्रिब्यूशन्स()['डॉक्स'])

उत्तरात एकापेक्षा जास्त नावं आली तर भांडण सापडलं. आता सोडवताना एक काळजी घ्या. नको असलेलं एकच पॅकेज काढू नका. दोघांनी एकाच फोल्डरमध्ये फाइली टाकलेल्या असतात आणि एकाला काढताना पिप दुसऱ्याच्याही फाइली घेऊन जाऊ शकतो. वरवर दुसरं पॅकेज इन्स्टॉल्ड दिसतं आणि आतून पोकळ असतं. म्हणून दोन्ही अनइन्स्टॉल करा, मग हवं ते एकच पुन्हा आणा. ‘पुन्हा इन्स्टॉल करा’ हा सल्ला खरोखर लागू पडतो तो इथे.

प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे लायब्रऱ्यांची वेगळी जागा, द्यायची सवय याच कारणासाठी लावून घ्यावी. ‘पायथॉन -एम वेन्व’ ही सोय पायथॉनबरोबरच येते. एका प्रोजेक्टचं पॅकेज मग दुसऱ्या प्रोजेक्टच्या नावांत लुडबुड करत नाही. पण लक्षात घ्या, तुमच्या फोल्डरमधल्या रँडम.पायवर त्याचा काही उपाय नाही. ती वेन्वमध्येही पहिल्याच स्थानावर असते.

पायरी ७: एकाच फाइलच्या आत झालेली टक्कर

इथे फाइलींची नावं ठीक असतात, पॅकेजेसही ठीक असतात. गोंधळ तुमच्या ओळींमध्ये असतो. डेटटाइम हे याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण, कारण मॉड्यूलचं नावही डेटटाइम आणि त्यातल्या क्लासचं नावही डेटटाइम.

इम्पोर्ट डेटटाइम
फ्रॉम डेटटाइम इम्पोर्ट डेटटाइम

या दोन ओळी एकाखाली एक आल्या की नाव एकच असल्यामुळे दुसरी ओळ पहिलीला पुसते. आता डेटटाइम म्हणजे क्लास. खाली कुठेतरी मॉड्यूल समजून डेटटाइम.डेटटाइम.नाऊ() लिहिलं तर एरर. उलट फक्त पहिली ओळ ठेवून डेटटाइम.नाऊ() लिहिलं तरी एरर. वेगवेगळ्या ठिकाणांहून कोड आणून चिकटवला की हे हमखास होतं. मी ‘इम्पोर्ट डेटटाइम ॲज डीटी’ असं लिहितो आणि डीटी.डेटटाइम.नाऊ() वापरतो. काय मॉड्यूल आणि काय क्लास, हे डोळ्यांना दिसतं.

‘फ्रॉम टाइम इम्पोर्ट टाइम’ लिहून पुढे टाइम.स्लीप(१) मागणं हीही तीच चूक. आणि व्हेरिएबलही मॉड्यूलला पुसतं: वर ‘इम्पोर्ट स्ट्रिंग’ आहे, खाली लूपमध्ये ‘फॉर स्ट्रिंग इन यादी’ लिहिलं, की लूपनंतर स्ट्रिंग म्हणजे यादीतला शेवटचा घटक. लिस्ट, एसटीआर, सम, मॅक्स, इनपुट ही नावं व्हेरिएबलला देऊ नका, तीही अशीच पुसली जातात आणि मग ‘लिस्ट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल’ अशी एरर कितीतरी ओळी खाली जाऊन उगवते.

तारांकित इम्पोर्टबद्दल माझं मत ठाम आहे: ‘फ्रॉम अमुक इम्पोर्ट *’ नवशिक्याने लिहूच नये. ‘फ्रॉम ओएस इम्पोर्ट *’ लिहिलं की ओएसमधलं ओपन येऊन नेहमीच्या ओपनला झाकतं. दोघांचं वागणं पूर्ण वेगळं आहे, त्यामुळे साधी फाइल उघडणंही अडतं. मॅथ आणि सीमॅथ दोन्ही तारा लावून आणले तर वर्गमुळाचं एसक्यूआरटी जे नंतर आणलं त्याचं. ४ चं वर्गमूळ २ ऐवजी २+०जे असं संमिश्र संख्येत येतं. इथे एररही येत नाही, नुसतं उत्तर वेगळं येतं, आणि म्हणून ही टक्कर मला सगळ्यांत धोकादायक वाटते.

पायरी ८: प्रोजेक्ट फोल्डरांत वाढला की

समजा हिशेब नावाचं फोल्डर आहे, त्यात मुख्य.पाय आहे आणि नोंदी ठेवण्यासाठी तुम्ही लिहिलेली लॉगिंग.पाय आहे. बाहेरच्या फोल्डरमधून ‘पायथॉन हिशेब/मुख्य.पाय’ असं चालवलं तर पहिलं स्थान हिशेब फोल्डरला मिळतं आणि तुमची लॉगिंग खऱ्या लॉगिंगला झाकते. तोच कोड ‘पायथॉन -एम हिशेब.मुख्य’ असा चालवला तर पहिलं स्थान बाहेरच्या फोल्डरला मिळतं. आता तुमच्या फाइलचं पूर्ण नाव हिशेब.लॉगिंग, आणि नुसतं ‘इम्पोर्ट लॉगिंग’ म्हटलं की स्टँडर्ड लायब्ररीतलं येतं. स्वतःचं हवं असेल तर ‘फ्रॉम . इम्पोर्ट लॉगिंग’.

कोड एकच, चालवायची रीत वेगळी, निकाल वेगळा. बऱ्याच एडिटरांतलं रनचं बटण पहिल्या रीतीने चालवतं, म्हणून ‘टर्मिनलवर चालतं, बटणाने चालत नाही’ अशी तक्रार ऐकू येते. पॅकेज बनवायला लागलात की -एमची सवय लावा. तरीही आतल्या फाइलला लॉगिंग म्हणू नका, नोंदवही म्हणा. पायथॉन गोंधळला नाही तरी वाचणारा गोंधळतो.

एकाच फोल्डरमध्ये साधनं.पाय ही फाइल आणि साधनं नावाचं पॅकेज, म्हणजे __इनिट__.पाय असलेलं फोल्डर, दोन्ही असतील तर फोल्डर जिंकतं. फाइलमध्ये कितीही बदल करा, परिणाम दिसत नाही.

नवी फाइल करण्याआधी

जॅंगो या वेबसाइट बनवायच्या लायब्ररीत नवं ॲप बनवताना नाव एखाद्या मॉड्यूलशी टकरत असेल तर जॅंगो स्वतःच नकार देतो. साध्या पायथॉनमध्ये ही तपासणी आपल्याला करावी लागते, पण ती दोन मिनिटांचीही नाही. पायथॉन ३.१० पासून स्टँडर्ड लायब्ररीतल्या सगळ्या नावांचा संच सिस मॉड्यूलमध्ये मिळतो. रिकाम्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा, पायथॉन सुरू करा आणि जे नाव द्यायचं मनात आहे ते विचारा:

इम्पोर्ट सिस
'क्यू' इन सिस.एसटीडीलिब_मॉड्यूल_नेम्स

‘ट्रू’ आलं तर दुसरं नाव शोधा. ‘फॉल्स’ आलं तर तेच नाव पायरी २ मधल्या फाइंड_स्पेकलाही विचारा, म्हणजे पिपने आणलेल्या लायब्रऱ्यांशीही पडताळणी होईल. तिथून ‘नन’ आलं की नाव मोकळं आहे, फाइल सेव्ह करा.